वाऱ्याचं माप

मित्रांनो, मुंबईहून नाशिकला जाताना ठाण्यात एक मोठा नाका लागतो. तिथून एक रस्ता घोडबंदरकडे वळतो, दुसरा सरळ नाशिकची वाट धरतो. वर उड्डाणपूल, शेजारी मेट्रोच्या खांबांची रांग आणि खाली दिवसरात्र पों-पों! हाच आमचा माजिवडा. बसमधून जाणाऱ्याला इथं फक्त गाड्या दिसतात. पण गावठाणातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर चढलात, तर वेगळाच माजिवडा दिसेल. पश्चिमेला येऊरचे हिरवे डोंगर, पूर्वेला दूरवर खाडी आणि डोक्यावर मोकळं आभाळ. संक्रांतीला तर या आभाळात उभं राहायला जागा नसते!

मी लहान होतो तेव्हा इथं भाताची शेतं होती आणि कारखान्यांचे भोंगे वाजायचे. सहावीत असताना मी आणि दादानं खाऊचे पैसे साठवून जांभळी नाक्यावरून एक पतंग आणला. साधासुधा नाही, चांगला माझ्या उंचीचा! दुकानदार म्हणाला, "बाळ, हा तुला झेपायचा नाही." आम्ही ऐकतोय कसले!

आमच्या गच्चीला त्या वेळी कठडा नव्हता. सकाळी वारा मंद होता, पतंग जागचा हलेना. दुपारी तीन वाजता मात्र पश्चिमेकडून वारा सुटला आणि आमचा बाहुबली असा काही वर गेला, की विचारू नका. मांजा माझ्या तर्जनीवरून सरसर धावू लागला. बोट कापलं गेलं. ओढ कमी व्हावी म्हणून मी पतंगाच्या दिशेनं एक पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. नजर आभाळात. चौथं पाऊल टाकणार, तेवढ्यात वाळवणं राखायला बसलेल्या शेजारच्या आजींनी माझी कॉलर धरून मला मागे खेचलं. पुढे गच्ची संपली होती!

बोटावरचा व्रण अजून आहे. मी सगळ्यांना सांगायचो, "मांजा वाईट होता." खरं काय ते मला तीस-पस्तीस वर्षांनी कळलं, तेही माजिवड्यात नाही, गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर. त्याचीच ही गोष्ट.

झालं असं, की २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिक चालू होतं. शिडाच्या होड्यांच्या शर्यती मार्से या बंदरात होत्या. तिथं 'काइटबोर्डिंग' हा खेळ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आला होता. पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि त्या पट्ट्याला दोऱ्यांनी जोडलेला भला मोठा पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणूस पाण्यावरून मोटारीच्या वेगानं सुसाट पळतो. पुरुषांत ऑस्ट्रियाच्या वालेंटिन बोंटुसनं आणि महिलांत ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिजनं सुवर्णपदक पटकावलं.

माझा भाचा सोहम टीव्हीसमोर चिकटून बसला होता. तो म्हणाला, "मामा, हे मला शिकायचंय."

"आधी नववी पास हो," मी म्हटलं.

पठ्ठ्या चांगल्या मार्कांनी पास झाला. मग काय, शब्द पाळणं आलं! आपल्या जवळ हा खेळ शिकायचा तर गोव्याचा उत्तर किनारा चांगला. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तिथं दुपारी समुद्रावरून वारा येतो. एप्रिलमधल्या एका रात्री आम्ही ठाण्याला कोकणकन्या एक्सप्रेस पकडली. सकाळी थिवीला उतरलो, तिथून म्हापसा आणि म्हापशाहून बसनं मोरजी.

मोरजी हे पेडणे तालुक्यातलं गाव. इथं शापोरा नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या टेकडीवर शापोऱ्याचा किल्ला दिसतो. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात, त्यामुळे त्यांची जागा कुंपण घालून राखलेली असते. त्या जागेपासून दूर, मोकळ्या वाळूवर रंगीबेरंगी पतंग पसरले होते. सोहमचे डोळे लकाकले. एका केशरी पतंगाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मामा, मला तो! तो सगळ्यात मोठा!"

मला एकदम जांभळी नाका आठवला.

आमचे शिक्षक गावातलेच, उन्हानं रापलेले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांनी सोहमला 'पोहता येतं का?' हे विचारलं आणि लगेच दुसरा प्रश्न केला, "तुजें वजन कितलें?"

सोहम गोंधळला. पतंग उडवायला वजन कशाला? पण सरांनी खरोखरच काटा काढला. सोहम ४६ किलो, मी ७४. मग त्यांनी खिशातून एक छोटं यंत्र काढून वाऱ्यात धरलं. त्यातली चक्री भिरभिरली. "चौदा नॉट," सर म्हणाले.

नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. चौदा नॉट म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटर. चांगली सायकल पळवावी, तेवढा वेग!

सरांनी वाळूतच काडीनं गणित मांडलं.

"वजन किलोत घ्या. त्याला २.२ नं गुणा. वाऱ्याच्या नॉटनी भागा. येईल तेवढे चौरस मीटर पतंग. हा काही निसर्गाचा नियम नव्हे, अनुभवाचा अंदाज आहे. पण सुरुवात इथून करायची."

सोहमनं पटकन हिशेब केला. ४६ गुणिले २.२ म्हणजे १०१.२. भागिले १४. उत्तर सव्वासातच्या आसपास. "म्हणजे मला सात चौरस मीटरचा!"

"ज्याला येतं त्याला सात. शिकणाऱ्याला एक माप खालचा. तुला पाच."

माझ्यासाठी उत्तर आलं साडेअकरा. पण मीही शिकाऊ, म्हणून मला नऊ. तो केशरी पतंग बारा चौरस मीटरचा होता. सोहमचा चेहरा पडला.

मित्रांनो, बारा चौरस मीटर म्हणजे किती? आपला नेहमीचा चौकोनी पतंग घ्या. त्याचे दोन्ही कर्ण साधारण अर्ध्या अर्ध्या मीटरचे. समभुज चौकोनाचं क्षेत्रफळ कसं काढतात? कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं. म्हणजे आपला पतंग एक अष्टमांश चौरस मीटर. पाच चौरस मीटरच्या 'छोट्या' पतंगात असे चाळीस पतंग मावतील आणि बाराच्या पतंगात तब्बल शहाण्णव!

आणखी एक मोठा फरक म्हणजे आपला पतंग आपण फिरकीतून ढील देऊन सोडतो. हाताला चटका बसला तर मांजा सोडून देता येतो. या पतंगाच्या चार दोऱ्या वीस-बावीस मीटर लांब असतात आणि त्याची सगळी ओढ आपल्या कमरेच्या पट्ट्यावर येते. त्याची पुढची कड सायकलच्या ट्यूबसारखी हवा भरून फुगवतात. त्यामुळे तो पाण्यात पडला तरी तरंगतो आणि पुन्हा उचलता येतो. ही युक्ती फ्रान्समधल्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेनू या दोघा भावांची. १९८४ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं.

पण पतंगाकडून स्वतःला ओढून घेण्याची हौस फार जुनी आहे बरं का! विजेचे प्रयोग करणारा बेंजामिन फ्रँकलिन लहानपणी एकदा तळ्यात उताणा पडून, हातात पतंगाची दोरी धरून, पलीकडच्या काठाला गेला होता. इंग्लंडमधल्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. आणि १९०३ मध्ये सॅम्युएल कोडी यानं पतंगानं ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी पार केली.

पहिले दोन दिवस आम्ही पाण्यात पाऊलही टाकलं नाही. वाळूवर उभं राहून जेमतेम अडीच चौरस मीटरचा सरावाचा पतंग उडवायचा. "हा तर रुमाल आहे," सोहम कुरकुरला. पण त्या रुमालानं पहिल्याच गोत्यात त्याला गुडघ्यावर आणलं! हा पतंग आभाळात गप्प उभा असतो तेव्हा कमी ओढतो. पण तो वेगानं खाली झेपावला, की ओढ एकदम वाढते.

सरांनी तीन गोष्टी घोटून घेतल्या. पहिली म्हणजे दांडा सोडायचा. पतंग एका दांड्यानं चालवतात. दांडा जवळ ओढला की पतंगाचा जोर वाढतो, सोडला की कमी होतो. घाबरलेला माणूस काय करतो? हातातलं घट्ट धरतो! म्हणून न घाबरता हात सोडायची सवय लावायची. दुसरी, पोटापाशी एक लाल कडी असते. ती ढकलली की पतंगातली सगळी हवाच जणू निघून जाते आणि तो लुळा पडतो. ती कडी डोळे मिटून सापडली पाहिजे. सरांनी अचानक ओरडायचं "सोड!" आणि आम्ही सोडायचं. असं वीस-वीस वेळा.

तिसरी गोष्ट वाऱ्याच्या दिशेची. मोरजीचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारी वारा वायव्येकडून, म्हणजे तिरका, समुद्राकडून जमिनीकडे येतो. चूक झाली तर माणूस किनाऱ्याला लागतो. पण पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तेव्हा पतंग बांधला, तर थेट अरबी समुद्राची सहल! "सकाळी कितीही छान दिसलं तरी पतंग पिशवीत," सर म्हणायचे.

मी विचारलं, "मग अगदी लहान पतंग घेतला की झालं, नाही का?"

सर हसले. "तसंही नाही. फार लहान पतंग कमी वाऱ्यात पाण्यात पडतो आणि पुन्हा उठत नाही. मग तुम्ही तरंगत बसता. लहान नव्हे, योग्य हवा. फक्त शिकणाऱ्यानं शंका आली की खालच्या मापाकडे झुकायचं."

तिसरा दिवस उजाडला. आज पाणी! दुपारी वारा चांगलाच सुटला होता. सरांचं यंत्र कधी पंधरा दाखवी, कधी वीस. सरांनी सोहमसाठी चार चौरस मीटरचा पतंग काढला.

सोहम हिरमुसला. "काल तुम्ही पाच म्हणालात. आज त्याहून लहान?"

आणि मित्रांनो, इथं चूक झाली ती माझी. भाच्याचा पडलेला चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "सर, सरासरी सतराच आहे. द्या की पाच. एवढ्या लांबून आलोय, पैसे भरलेत."

सर शांतपणे म्हणाले, "सरासरी तुम्हाला उचलत नाही. उचलतो तो झोत. माप झोताचं घ्यायचं."

मग त्यांनी वाळूत दुसरं गणित मांडलं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. ओढ वेगाच्या वर्गानं वाढते. चौदाचे वीस नॉट झाले, तर आकडे किती थोडे वाढलेले वाटतात! पण चौदाचा वर्ग १९६ आणि वीसचा ४००. म्हणजे पतंग तोच, माणूस तोच, पण ओढ दुपटीहून जास्त.

आमचं बोलणं चालू असतानाच किनाऱ्यावर गलका झाला. एक पर्यटक मित्राचा बारा चौरस मीटरचा पतंग घेऊन उभा होता. दोन-चार दिवसच शिकला असावा. पतंग वर गेला, तेवढ्यात झोत आला आणि तो धिप्पाड माणूस चक्क पाय हवेत घेऊन पुढे गेला. मग वाळूवर आपटला आणि फरफटत निघाला. समोर वाळूत ओढून ठेवलेली एक होडी होती. सगळे ओरडत होते, "सोड! सोड!" पण त्यानं दांडा दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलेला. जेवढा घाबरे तेवढा आवळे, जेवढा आवळे तेवढा पतंग ओढे. आमचे सर आणि आणखी दोघे धावले. होडी दहाएक पावलांवर असताना पतंग एका कुशीवर कोसळला आणि तो माणूस थांबला. मनगट मोडलं होतं. थोडक्यात वाचला.

सोहम काही बोलला नाही. त्यानं गुपचूप चार चौरस मीटरचा पतंग उचलला आणि शिरस्त्राणाचा पट्टा पुन्हा तपासला. मी बोटावरच्या व्रणाकडे पाहत होतो. सहावीतला मी आणि तो माणूस, दोघांची गोष्ट एकच. सकाळच्या मंद वाऱ्यात हलेना इतका मोठा पतंग दुपारच्या वाऱ्यात मला गच्चीच्या टोकापर्यंत घेऊन गेला. मांजाचा दोष तेवढा नव्हता, माप चुकलं होतं. आणि आज मी तेच चुकीचं माप, मामा म्हणून, पैसे भरले म्हणून, भाच्याच्या हाती द्यायला निघालो होतो. मी सरांची माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "वारा पावती बघत नाही."

त्या दिवशी सोहम फळीवर जेमतेम चार सेकंद उभा राहिला आणि धबाक! नाकातोंडात पाणी. पण वर आला तो हसतच. चौथ्या दिवशी तो वीस-पंचवीस मीटर गेला. मी? मी एकूण सात सेकंद उभा होतो, हे सोहमनं घरी सगळ्यांना सांगितलं आहे.

परतताना गाडीत सोहमनं वहीत 'माजिवड्याचं वारा-यंत्र' तयार केलं. १८०५ मध्ये ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस बोफर्टनं वारा डोळ्यांनी मोजण्याची एक मोजपट्टी बनवली होती. यंत्राची गरजच नाही! सोहमची नोंद अशी:

धूर नुसता कलतो, पानं गप्प: १ ते ३ नॉट. पतंग उडणार नाही.

पानं सळसळतात, तोंडाला वारा लागतो: ४ ते ६ नॉट. हलका पतंग चालेल.

पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, झेंडा पसरतो: ७ ते १० नॉट. मजा!

धूळ आणि कागदाचे कपटे उडतात: ११ ते १६ नॉट. लहान पतंग घ्या.

लहान झाडं डुलू लागतात: १७ ते २१ नॉट. शिकणाऱ्यानं खाली बसून तिळगूळ खावा.

यंदाच्या संक्रांतीला सोहम माजिवड्याला आला. खालच्या मजल्यावरची सात वर्षांची ओवी आमच्याबरोबर दुकानात आली. तिनं भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या, वाघाचं तोंड असलेल्या पतंगाकडे बोट दाखवलं.

सोहमनं तिच्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि विचारलं, "तुझं वजन किती?"

दुकानदार बघतच राहिला! शेवटी ओवीसाठी छोटा, हलका पतंग आणि साधा सुती दोरा घेतला. दुकानात नायलॉनचा मांजा नव्हता आणि ते बरंच झालं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली आहे. तो तुटत नाही, कुजत नाही, पक्ष्यांचे पंख कापतो आणि दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळेही.

गच्चीला आता छातीइतका कठडा आहे. तरीही सोहमनं आधी दोरीवरचे कपडे पाहिले, मग समोरच्या झेंड्याकडे पाहिलं. "मामा, दुपारी वारा येऊरकडून येतो. म्हणजे इथून काटलेला पतंग आणि त्याचा दोरा थेट हायवेवर, उड्डाणपुलावर जाणार. आपण मैदानात जाऊ या."

मी या गच्चीवरून इतकी वर्षं पतंग उडवले, पण माझा तुटलेला दोरा कुठे पडतो, हे कधी मनातही आलं नव्हतं!

आम्ही मैदानात गेलो. पाठीशी वारा, समोर मोकळी जागा. ओवीचा पतंग दोनदा गोता खाऊन तिसऱ्यांदा वर चढला. सोहमनं फिरकी धरली होती. "ओढतोय! ओढतोय!" ओवी किंचाळली.

"जास्त ओढला तर काय करायचं?" सोहमनं विचारलं.

"सोडायचा!" ओवी ओरडली.

मग मित्रांनो, पुढच्या वेळी पतंग घ्यायला जाल, तेव्हा दुकानात शिरण्याआधी क्षणभर बाहेर थांबा. झाडाकडे बघा, झेंड्याकडे बघा. आधी वाऱ्याचं माप घ्या आणि मगच पतंगाचं. आणि आई-बाबा, मामा-काका मंडळी, मुलांचा चेहरा पडला तरी चालेल. चेहरा पुन्हा हसतो. हा माझा अनुभव आहे!